मिठाच्या डब्याची चांदणी

१० फेब्रुवारी

कारखान्याने निरोपाला ही डायरी दिली. फेब्रुवारीत. म्हणजे जानेवारीची पानं कोरीच राहणार. इतकी वर्षं नोकरी केली, वेळेवर निरोप द्यायलाही जमलं नाही त्यांना.

पॅकिंगमध्ये मी औषधांच्या बाटल्यांची लेबलं तपासायचे. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या, लेबल तिरकं, फाटकं किंवा उलटं दिसलं की उचलून बाजूला. आमचे साहेब म्हणायचे, लेबल चुकलं की माणूस दगावतो. आता ते काम कॅमेरा करतो. त्याला चहाची सुट्टी लागत नाही आणि त्याचे पायही सुजत नाहीत.

घरी बसले की नजर आपोआप लेबलं शोधते. आमच्या स्वयंपाकघरात एकाही डब्याला लेबल नाही. हा सगळा आईंचा, म्हणजे सासूबाईंचा कारभार. साखर आइस्क्रीमच्या चौकोनी डब्यात. चहाची पूड कुठल्याशा पौष्टिक पावडरच्या आठकोनी उंच बरणीत. खायचा सोडा चेहऱ्याच्या क्रीमच्या बुटक्या डबीत, तिला सगळीकडून खाचा. मीठ एका गोल डब्यात, त्याच्या तळाला उठावाची चांदणी. तो डबा मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे. रोज सकाळी मी नोकरीला पळायचे आणि हे सैन्य आईंच्या ताब्यात असायचं. आता दिवसभर डोळ्यांसमोर आहे, आणि डोळ्यांत खुपतं.

१३ फेब्रुवारी

दुपारी नुसती बसून होते. रडले थोडी. आई चहा घेऊन आल्या. कपात बोट बुडवून बघायची त्यांना हल्ली सवय लागली आहे, चहा ओतताना कडेला बोट धरतात. मला किळस आली, तरी प्यायले. त्या म्हणाल्या, "किती दिवस झाले, तू गुणगुणली नाहीस." मी म्हटलं, गुणगुणण्यासारखं काय घडलंय. त्या रिकामा कप घेऊन आत गेल्या.

आता वाटतं, जरा नीट बोलायला हवं होतं. माझा राग कॅमेऱ्यावर आणि निघतो घरातल्यांवर.

१७ फेब्रुवारी

वजनकाटा येऊन गेली. ती माझ्या कारखान्यातली मैत्रीण. वजन विभागात होती आणि बोलण्यातही गुंजभर इकडेतिकडे होत नाही, म्हणून हे नाव. तिलाही काढलंय. पण ती माझ्यासारखी डोळे पुसत बसलेली नाही, ती साबण करते. पिशवीतून एक वडी काढून माझ्या नाकाखाली धरली. "तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. बाकी सगळा संयम," म्हणाली.

मी विचारलं, साचे कुठे मिळतात.

"साचे विकत घेणारी माणसं वेगळी, बाई. घरात प्लास्टिकचा लवचीक डबा नाही का एकही?"

मी हसले. तिला स्वयंपाकघरात नेलं आणि फळी दाखवली. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "हा तर खजिना आहे," म्हणाली.

आई तिथेच तांदूळ निवडत होत्या. पूर्वी ताटात बघून निवडायच्या, हल्ली बोटांनीच चाचपून निवडतात. मान वर करून म्हणाल्या, "कसला खजिना?" मी म्हटलं, तुमच्या डब्यांचा. त्या खुशीत हसल्या.

२१ फेब्रुवारी

साबणाचा पहिला घाणा. दुधाचा रिकामा खोका आडवा कापला आणि त्यात ओतला. वजनकाट्याने शेजारी उभं राहून शिकवलं. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. मग ते गार झालं की तेलात घालून घुसळत राहायचं, चमच्याची रेघ वर उमटून टिकली की ओतायचं. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं जवळ आणायचं नाही, कॉस्टिक ते खाऊन टाकतं.

जाताना दारात थांबून म्हणाली, "कॉस्टिक त्याच्याच डब्यात ठेव आणि कुलपात ठेव." हो हो म्हटलं.

दुसऱ्या घाण्याच्या वेळी तिला बोलवायचं नाही. माझं मला जमेल.

२३ फेब्रुवारी

खोक्याचा कागद सोलून काढला आणि आत साबण. खरंच साबण. सुरीने वड्या पाडल्या. अजून महिनाभर मुरायला ठेवायचा आहे, पण मी दर तासाला जाऊन बघते. यांनी एक वडी हातात घेतली आणि म्हणाले, "दिसतो तर चीजसारखा. बघ, मी चुकून खाईन." बसमध्ये दिवसभर तिकिटं फाडून आलेल्या माणसाला विनोद सुचतो याचंच कौतुक.

खोका मात्र एकदाच वापरता येतो. डबे हवेत.

२८ फेब्रुवारी

आज मोठं काम केलं. बाजारातून एकाच मापाच्या, पारदर्शक, पांढऱ्या झाकणाच्या बरण्या आणल्या. आईंचे सगळे डबे रिकामे करून बरण्या भरल्या आणि प्रत्येकीला लेबल लावलं. कारखान्यातल्यासारखं, सरळ, झाकणापासून सारख्या अंतरावर. साखर. मीठ. चहा. सोडा. अक्षर मुद्दाम मोठं काढलं, आईंना सोयीचं पडावं म्हणून. फळी पहिल्यांदाच माणसांत आल्यासारखी दिसते आहे. आणि डबे साच्यांसाठी मोकळे.

आईंना बोलावून म्हटलं, बघा. त्या पुढे आल्या. एकेका बरणीवरून हात फिरवत शेवटपर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, "सगळ्या एकसारख्या आहेत."

"तेच तर," मी म्हटलं.

"छान आहे," म्हणाल्या आणि खुर्चीत जाऊन बसल्या. कौतुक करायला माणसाला इतकं जड का जावं? मी त्यांच्या जागी असते तर उड्या मारल्या असत्या.

ताई, म्हणजे माझी मोठी नणंद, संध्याकाळी फोनवर होती. तिला फोटो पाठवला. तिने लिहिलं, दुकानासारखं दिसतंय. बघा, लेकीला कळतं.

४ मार्च

मिठाच्या डब्यातून निघालेली वडी बघून मी स्वतःशीच हसले. वर चांदणी उमटली आहे, कोपऱ्यान् कोपरा रेखीव. डबा थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवला आणि उलटा करून तळ दाबला की वडी अलगद हातात येते. खाचांच्या डबीतली वडी तर एखाद्या चाकासारखी. साखरेच्या डब्याची गोल कोपऱ्यांची मोठी लादी. आठकोनी बरणीचं तोंड अरुंद, त्यामुळे ती उभी चिरावी लागली, पण साबण मात्र देखणा निघाला.

खाली राहणारी शिवणवाली पदर कमरेला खोचूनच वर आली. चांदणी बघून म्हणाली, "मुरला की मला याच्या वड्या द्या. माझ्याकडे कपडे शिवायला येणाऱ्यांना दाखवते." म्हणजे गिऱ्हाईक. मी कामाला लागले आणि म्हणे गुणगुणत होते. मला कळलंही नाही, आईंनी सांगितलं.

९ मार्च

आज चहात मीठ. यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून बेसिनकडे धावले. आई म्हणाल्या, "घाईत चुकलं." हरकत नाही, माणूस चुकतो.

१२ मार्च

भातात साखर. मी म्हटलं, आई, एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय. त्या म्हणाल्या, "लक्षात राहिलं नाही गं."

परवापर्यंत सगळं जागच्या जागी असायचं त्यांचं. अंधारात उठूनसुद्धा पाणी पिऊन यायच्या, दिवा लावायच्या नाहीत. आणि आता भर दिवसा चुकतात. पेपर वाचणंही बंद केलंय, म्हणतात, सगळं तेच ते. टीव्हीसमोर बसतात तेव्हा तोंड खिडकीकडे असतं. कशातच मन लागत नाही त्यांचं. यांना म्हटलं, आईंचं काहीतरी बिनसलंय. हे म्हणाले, "वय झालं." असं म्हणून ते पेपरात घुसले. त्यांच्या घराण्यात वय झालं म्हटलं की विषय संपतो.

१५ मार्च

मी आज फार बोलले. लिहिताना लाज वाटते आहे, तरी लिहिते.

आई बरण्यांची झाकणं काढून प्रत्येकीत बोट घालत होत्या आणि जिभेला लावत होत्या. त्याआधी एकेक बरणी कानाशी धरून हलवतही होत्या, लहान मूल खुळखुळा हलवतं तशी. मी म्हटलं, "आई, उष्टं करताय सगळं. वाचता येतं ना तुम्हाला? मी लेबलं कशाला लावली आहेत मग?"

त्यांनी बोट पदराला पुसलं. म्हणाल्या, "पुन्हा नाही घालणार."

लहान मुलीसारखं म्हणाल्या. तेव्हाच माफी मागायला हवी होती. साबण ढवळत राहिले.

१९ मार्च

चांदणीचा डबा फुटला. फ्रीजरमधून काढून ओट्यावर जरा जोरात आपटला आणि तळापासून वरपर्यंत तडा गेला. चांदणी मधोमध दुभंगली. शिवणवालीच्या वड्यांपैकी निम्म्याच झाल्या होत्या. दुकानांत फिरले, त्या तऱ्हेचा डबा आता निघतच नाही.

एका डब्यासाठी इतकं वाईट वाटावं हे विचित्रच. आईंना सांगितलं नाही, उगाच हळहळतील.

२३ मार्च

क्रमाने लिहिते.

सकाळी घाणा घालायचा म्हणून कॉस्टिक खाली काढलं होतं. ते मी त्याच्या मूळच्या डब्यात ठेवलेलं नव्हतं. तो डबा गळका, फळीवर डाग पाडणारा, म्हणून एका जास्तीच्या बरणीत भरून वरच्या फळीवर ठेवलं होतं. त्यावर लाल शाईने लेबल लावलेलं: विष. हात लावू नये. याहून स्पष्ट काय लिहिणार? वजन करून झालं आणि बरणी ओट्यावर राहिली. मी तेलाचं पातेलं बाहेरच्या खोलीत न्यायला वळले.

आई आत गेल्या. मी सकाळपासून उभी होते म्हणून माझ्यासाठी चहा टाकायला. पाणी उकळत होतं. त्यांनी हाताला लागली ती बरणी उघडली आणि चमचा भरून आत टाकला, साखर म्हणून. भांडं अ‍ॅल्युमिनियमचं. फस्सकन फेस वर आला, काळा, आणि भयंकर वास. आईंची हाक ऐकली तेव्हा मी धावले. त्यांच्या मनगटावर उडालं होतं. नळाखाली हात धरला, धरूनच ठेवला, पाणी वाहू दिलं. त्या ओरडल्या नाहीत. सारखं एवढंच विचारत होत्या, "तू प्यायली नाहीस ना? तू प्यायली नाहीस ना?"

चाखून बघायची सवय मी मोडली नसती तर आज जीभ गेली असती त्यांची. एवढ्या एका गोष्टीचं समाधान मानते आहे.

पण लाल अक्षरात लिहिलं होतं. विष असं लिहिलं होतं. ते वाचूनही जो माणूस चमचा घालतो, त्याला काय म्हणायचं?

२४ मार्च

डॉक्टरांनी मनगटाला पट्टी बांधली. जखम भरेल म्हणाले. मग मी बाकीचं सगळं सांगितलं, मीठ, साखर, लेबलं. त्यांनी आईंना वार विचारला, महिना विचारला, मुलांची नावं विचारली. सगळं बरोबर सांगितलं. मग म्हणाले, "समोरच्या घड्याळात किती वाजले, आजी?"

आई भिंतीकडे तोंड करून नुसत्या बसल्या. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. आई म्हणाल्या, "मला घरी जायचंय."

घड्याळ कळेनासं झालं म्हणजे फारच पुढे गेलं, असं मला बाहेर आल्यावर वाटलं. डॉक्टरही तसंच काहीसं म्हणाले, या वयात बुद्धीला गंज चढतो, स्वयंपाकघरात एकटं सोडू नका. रिक्षात आईंनी माझा हात घट्ट धरला होता. मी तो सोडवून यांना फोन लावला.

२६ मार्च

ताई आली आहे. सगळे बसून बोललो. मी म्हटलं, साबण बंद करते. मनापासून म्हटलं का, ते मला माहीत नाही. शिवणवालीची मागणी होती, अजून दोन जणींनी विचारलं होतं, आणि कितीतरी दिवसांनी सकाळी उठावंसं वाटत होतं. म्हटलं खरं, पण म्हणताना आवाज खाली गेला.

मला कोणी काही म्हणण्याआधीच आई म्हणाल्या, "ती कशाला बंद करेल? मीच जाते ताईकडे. ताई, मला ने."

हे म्हणाले, "अगं आई, काहीतरीच काय."

"काहीतरीच नाही. उद्या तिच्या नाहीतर तुझ्या पोटात गेलं तर?"

कोणी फार आग्रह केला नाही. मीही नाही. हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

२८ मार्च

आई गेल्या. निघताना स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "माझा मिठाचा डबा कुठाय गं? तेवढा नेला असता."

मी म्हटलं, "आई, त्याचा साबण झाला."

त्या हसल्या. "बरं," म्हणाल्या, आणि ताईच्या दंडाला धरून उतरल्या.

घर केवढं मोठं झालंय. चहा मीच केला, आणि साखर बरोबर पडली.

१२ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. साबण चालू आहे. हे जेवताना बोलत नाहीत. एरवीही फार बोलायचे असं नाही, पण पूर्वीचं गप्प बसणं वेगळं होतं. आज म्हणाले, "आपण घालवलं तिला." मी म्हटलं, त्या स्वतः गेल्या. "तेच," म्हणाले.

वजनकाटा आली होती. झालेलं सगळं सांगितलं. कॉस्टिक दुसऱ्या बरणीत भरलं म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. मग बराच वेळ फळीकडे बघत राहिली. "डबे आईंचे घेतलेस. त्यांना काय दिलंस?"

"बरण्या. लेबलं लावून."

"हं," म्हणाली. तिचं हं काही हलकं नसतं. जाताना म्हणाली, "एकदा जाऊन ये त्यांच्याकडे. साबण मुरलाय आता. घेऊन जा."

१९ एप्रिल

आज ताईकडे गेलो. जे घडलं ते तसंच लिहिते.

आई स्वयंपाकघरात होत्या. ताई म्हणाली, "पहिले आठ दिवस नुसती बसून होती, आता सगळं करते. कुठे काय आहे ते मला विचारून विचारून पाठ केलं. एकदाही चुकली नाही." मी म्हटलं, बरं झालं. मनात मात्र टोचलं. माझ्याकडे चुकत होत्या, इथे चुकत नाहीत.

आई बाहेर आल्या. मी समोर उभी होते, आणि त्या म्हणाल्या, "कोण आलंय?" मी बोलले तशा हसल्या. मनगटावरचा डाग गुलाबी झालाय. मी पिशवीतून साबण काढले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले. एक आठकोनी, एक खाचांचा, एक गोल कोपऱ्यांची लादी, आणि चांदणीचा.

त्यांनी वरची लादी उचलली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. चेहरा एकदम खुलला. म्हणाल्या, "अगं, ही तर साखर."

ताई म्हणाली, "आई, साबण आहे तो. बघ तरी."

"माहितेय गं. वास येतोय की." त्यांनी आठकोनी वडी घेतली. "हा चहा." मग ती चाकासारखी. "हा सोडा." शेवटची घेतली, उलटी केली, आणि बोटाचं टोक चांदणीच्या एकेका टोकावर नेलं. तिथे जरा थांबल्या. "आणि हे मीठ."

एवढा सगळा वेळ त्या माझ्याकडे बघत होत्या. एकदाही खाली बघितलं नव्हतं.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "आई, तुम्हाला दिसत नाही?"

ताई म्हणाली, "काय वेड्यासारखं विचारतेस?" पण मग तिने आईंच्या चेहऱ्यासमोर हात हलवून बघितला. हे दारातच उभे होते.

आई म्हणाल्या, "उजेड कळतो. माणूस आहे एवढं कळतं. बाकी धुकं."

"कधीपासून?"

"झालं की वर्ष. आधी पेपर गेला. मग सुई."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? डोळे गेले म्हटलं असतं तर तुम्ही मला खुर्चीत बसवून ठेवलं असतं. काही अडत नव्हतं माझं. हात घातला की डबा सांगायचा, मी कोण ते."

मी म्हटलं, "निदान बरण्या आणल्या तेव्हा तरी सांगायचं. मी परत केल्या असत्या. मी तुमच्यावर ओरडले, आई. वाचता येत नाही का म्हटलं मी तुम्हाला."

त्यांनी माझं डोकं चाचपलं आणि त्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "तू इतक्या दिवसांनी गुणगुणत होतीस गं. म्हटलं, चार बरण्यांचं काय, शिकेन मी. चाखून जमत होतं. मग तू नको म्हणालीस."

मला रडू आवरेना. त्यांची जीभ वाचली याचं समाधान मानत होते मी. मुळात कॉस्टिक त्या बरणीत आलंच कुठून? एकसारख्या बरण्या मी आणल्या, चाखणं मी मोडलं, आणि कॉस्टिकची बरणीही हाताशी मीच ठेवली. नंतर डॉक्टरांसमोर नेऊन त्यांच्या बुद्धीला गंज चढलाय असं वदवून घेतलं. आणि त्या भिंतीवर घड्याळ शोधत बसल्या.

निघताना हे म्हणाले, "आई, चल घरी." मीही म्हटलं. हात जोडून म्हटलं.

आईंनी मांडीवरचे साबण एकावर एक रचले. मग म्हणाल्या, "आता इथलं पाठ झालंय रे. पुन्हा पहिल्यापासून शिकायचं वय नाही माझं. आणि तिथे माझ्या ओळखीचं काय उरलंय?"

त्या रागावून म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. त्यांनी खरंच विचारलं होतं, आणि मला एकाही वस्तूचं नाव सांगता आलं नाही.

२५ एप्रिल

ताईने डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. एक डोळा गेल्यातच जमा, दुसऱ्यात थोडा जीव आहे. वर्षभर आधी आणलं असतं तर, असं ते म्हणाले. पुढचं वाक्य ताईने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी आयुष्यभर डोळ्यांनी काम केलं. तिरकं लेबल मला दहा पावलांवरून दिसायचं. कपात बोट रोज दिसत होतं आणि मला किळस येत होती.

३० एप्रिल

लेबलं खरवडून काढली. गरम पाणी आणि माझाच साबण. गोंद निघतो, पण बरण्या एकसारख्याच राहतात. आइस्क्रीमचा डबा आणि खाचांची डबी परत फळीवर मांडली, घासून. चहाची आठकोनी बरणी मी उभी चिरली होती, ती आता चिकटपट्टीने जोडली आहे. चहाची पूड थोडी गळते. हे बघून म्हणाले, "कोणासाठी मांडतेस?" मी म्हटलं, माहीत नाही.

कॉस्टिक त्याच्या मूळच्या डब्यात, कपाटात, कुलपात. ते मात्र आता कुणी चुकून घेणार नाही, कारण घेणारं कुणी घरात नाही.

८ मे

शिवणवाली वर आली, हातात एक जुना डबा. तिच्या आईकडे माळ्यावर बटणं भरून पडला होता म्हणे. "तुमची चांदणी," म्हणाली. उलटा करून बघितला. तीच. एक टोक जरासं झिजलेलं, बाकी तसाच. मी तिच्याकडून तो अक्षरशः हिसकावून घेतला. ती घाबरलीच.

लगेच ताईकडे फोन लावला आणि आईंना द्यायला सांगितलं. म्हटलं, "आई, तुमचा मिठाचा डबा माझ्या हातून फुटला होता. दुसरा मिळाला. अगदी तसाच."

"चांदणी आहे?"

"आहे. मी बोट लावून बघितली."

मला वाटलं, आता म्हणतील, येते. पण त्या अगदी मनापासून म्हणाल्या, "बरं झालं बाई. तुझे साबण अडले होते ना त्याच्यासाठी."

साबणासाठी नाही, आई, असं मला म्हणायचं होतं. मी "हो" म्हटलं. त्यांनी यांची चौकशी केली, माझ्या पायांची केली, आणि फोन ठेवला.

मग मी डबा धुतला, कोरडा केला, त्यात मीठ भरलं आणि साखरेच्या उजव्या हाताला, तो असायचा तिथे ठेवला. शिवणवालीला सांगितलं, चांदणीच्या वड्या आता होणार नाहीत.